गज घातलेली विटांची तयार भिंत-पॅनेले: घडवण्याचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

विटांचे तयार पॅनेल जमिनीवर आडवे ओतले जाते, काही दिवसांनी उचलले जाते आणि मग भिंतीत उभे केले जाते. एकदा उभे राहिले की त्याला फारसे वाकावे लागत नाही. पण ओट्यावरून सुटताना आणि आडव्याचे उभे होताना ते पातळ स्लॅबसारखे वाकू पाहते, आणि तडकणारी बहुतेक पॅनेले याच अर्ध्या तासात तडकतात. तडा दिसला की सिमेंटला किंवा विटेला दोष दिला जातो. मात्र विटा किती भिजल्या होत्या, गज किती उंचीवर बसला होता आणि उचलण्याची कडी कुठे बांधली होती, हे सगळे सिमेंटमध्ये पाणी पडण्याआधीच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात ओतण्यापेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. वेळ वाचवण्यासाठी दोन टप्प्यांची अदलाबदल केली की काय होते, तेही जागोजागी सांगितले आहे.

टप्पा १: मापे आधी कागदावर जुळवणे

पॅनेलची लांबी-रुंदी खोलीच्या मापावरून न ठरवता विटेच्या मापावरून ठरवावी, म्हणजे एकही वीट तोडावी लागत नाही. तोडलेल्या विटेची कड वेडीवाकडी असते, तिथे सांधा कधी रुंद तर कधी अरुंद होतो आणि गज विटेला चिकटतो. हिशेब कसा मांडायचा ते कळावे म्हणून १९० × ९० × ९० मिमी मापाची वीट धरून एक पॅनेल पूर्ण मांडून दाखवतो.

रुंदीत तीन विटा आडव्या येतात. त्यांच्यामध्ये गजासाठी ४० मिमीचे दोन उभे सांधे आणि दोन्ही कडांना काँक्रीटची ५० मिमीची पट्टी धरली, तर रुंदी ५० + १९० + ४० + १९० + ४० + १९० + ५० म्हणजे ७५० मिमी होते. उंचीत विटांचे २४ थर येतात. दर चार थरांचा एक गठ्ठा धरावा. गठ्ठ्यातील विटांमध्ये १० मिमीचे साधे सांधे आणि दोन गठ्ठ्यांमध्ये गजासाठी ४० मिमीचा सांधा ठेवावा. एका गठ्ठ्याची उंची ३९० मिमी होते. असे सहा गठ्ठे, मधले पाच रुंद सांधे आणि वर-खाली ५० मिमीच्या पट्ट्या मिळून २६४० मिमी भरतात. पॅनेलची जाडी विटेच्या जाडीइतकीच, म्हणजे ९० मिमी.

या मांडणीत उभे सांधे एका सरळ रेषेत येतात. नेहमीच्या भिंतीत गवंडी हे कटाक्षाने टाळतो, कारण सांधमोड नसली की विटा एकमेकींना धरून ठेवत नाहीत. इथे ते काम गजांनी करायचे असते आणि दोन्ही दिशांनी गज सरळ जाण्यासाठी सांधेही सरळच लागतात. त्यामुळे या पॅनेलमधला एकही गज वगळता येत नाही.

या मापाच्या एका पॅनेलला ७२ विटा, रुंद सांधे व कडांसाठी सुमारे ५८ लिटर काँक्रीट, बारीक सांध्यांसाठी सुमारे ९ लिटर मसाला आणि कड्या सोडून सुमारे साडेसहा किलो गज लागतात. तयार पॅनेलचे वजन ३७० किलोच्या आसपास जाते. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण साखळी, हुक, कडी आणि माणसांची संख्या त्यावरूनच ठरते.

*सावधान:* २६४० मिमी उंची आणि ९० मिमी जाडी, म्हणजे उंची जाडीच्या २९ पटींहून अधिक. इतके सडपातळ पॅनेल चौकटीच्या इमारतीतील भराव-भिंत किंवा आतली आडभिंत म्हणून वापरावे. त्यावर छताचा भार टाकायचा असेल, तर जाडी, गज आणि सांधे यांचे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतंत्रपणे करून घ्यावे. या लेखातील मापे त्या कामासाठी नाहीत.

टप्पा २: विटा निवडणे

साध्या भिंतीत गवंडी विटेतला फरक मसाल्यात जिरवतो. पॅनेलमध्ये ती सोय नसते, कारण फर्मा (पॅनेल ओतण्याचा चौकटीसारखा साचा) आणि गजांची जाळी दोन्ही आधीच ठरलेल्या मापाची असतात. २० विटा टोकाला टोक लावून एका ओळीत मांडाव्यात. १९० मिमीच्या विटांची ओळ ३८०० मिमी भरायला हवी. एकूण बेरीज जुळली तरी तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण आखूड आणि लांब विटा मिळून बेरीज बरोबर दाखवतात. त्यासाठी लाकडाचे दोन गेज करावेत, एक १८७ मिमीचे आणि एक १९३ मिमीचे. पहिल्यात मावणारी आणि दुसऱ्यात न मावणारी वीट बाजूला काढावी. जाडीचीही अशीच चाळणी लावावी. जाडीतल्या चुकीचा त्रास अधिक होतो, कारण ९० मिमीच्या फर्म्यात ९४ मिमीची वीट आली, तर वरून पट्टा (पृष्ठभाग सपाट करण्याची सरळ फळी) ओढताना तो नेमका तिच्यावर अडखळतो आणि ओल्या सांध्यातून तिला हलवतो.

विटेची ताकद १० न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा कमी नसावी. पाणी किती शोषले जाते ते घरच्या तराजूवरही कळते: वीट पूर्ण वाळवून वजन करावी, २४ तास पाण्यात ठेवून बाहेर काढावी, पृष्ठभाग फडक्याने टिपावा आणि पुन्हा वजन करावे. वाढ मूळ वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती वीट या कामाला घेऊ नये. सुकल्यावर पांढरा क्षार फुटणारी वीटही नको. साध्या भिंतीत तो क्षार फक्त रंग बिघडवतो, पण इथे विटेपासून १६ मिमीवर गज असतो आणि ओल टिकली की क्षार गंजाला वाट करून देतो.

टप्पा ३: ओटा आणि फर्मा

पॅनेल ज्या ओट्यावर ओतायचे त्याचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा पॅनेलच्या दर्शनी बाजूवर उलटा उमटतो. काँक्रीटच्या घोटीव ओट्यावर ३ मीटरचा पट्टा कोणत्याही दिशेने ठेवला, तरी खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. ओट्यावर पॅनेल चिकटू नये म्हणून तेल फासण्याची सवय असते. पण विटा ते तेल शोषतात, डाग वर येतात आणि पुढे प्लास्टर धरत नाही. त्याऐवजी जाड प्लास्टिकचा कागद ताणून अंथरावा. विटांचा चेहरा उघडाच ठेवायचा असेल, तर कागदावर चाळलेल्या बारीक वाळूचा ५ मिमीचा सारखा थर द्यावा. विटा त्यात किंचित रुततात आणि मसाला त्यांच्या तोंडावर पसरत नाही. तेल फक्त फर्म्याच्या आतल्या बाजूंना आणि तेही फडक्याने पुसट लावावे.

फर्म्याच्या बाजू स्टीलच्या चॅनेलच्या किंवा रंधलेल्या, न वाकणाऱ्या लाकडाच्या असाव्यात. पॅनेलमधून गज बाहेर काढायचे असतात, त्यासाठी पुष्कळ जण बाजूंना भोके पाडतात आणि जाळी बांधून झाल्यावर लक्षात येते की तीन बाजूंनी गज बाहेर आलेली जाळी बंद भोकांतून आत घालताच येत नाही. भोकांऐवजी वरून उघड्या खाचा कापाव्यात. आपल्या मापात उभे गज ८ मिमीचे आणि त्यांच्यावर बांधलेले आडवे गज ६ मिमीचे आहेत. म्हणून वरच्या टोकाच्या फळीतली खाच १० मिमी रुंद असावी आणि तिचा तळ ओट्यापासून ४० मिमीवर राहावा; लांब बाजूंच्या खाचा ८ मिमी रुंद असाव्यात आणि त्यांचा तळ ४८ मिमीवर यावा. असे केले की कडेला जाळी आपोआप योग्य उंचीवर टेकते. दोन फर्म्यांमध्ये निदान अर्धा मीटर मोकळी जागा सोडावी, नाहीतर बाहेर आलेले गज शेजारच्या फर्म्याला अडतात.

*तपासणी:* फर्मा जोडल्यावर फक्त गुण्या लावून थांबू नये. दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ७५० × २६४० मिमीच्या आतल्या मापाला कर्ण साधारण २७४४ मिमी येतो. दोन कर्णांमध्ये ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर पाचर मारून फर्मा सरळ करावा आणि मगच पुढे जावे. एका पॅनेलमधली तिरप डोळ्याला दिसत नाही, पण आठ पॅनेले शेजारी उभी केल्यावर ती बेरजेने दिसते.

टप्पा ४: गजांची जाळी बाहेर बांधून ठेवणे

जाळी फर्म्यात बसून बांधू नये. ओल्या विटांवर गुडघे टेकून तार पिळणाऱ्या माणसाच्या हातून विटा सरकतातच. जमिनीवर चुन्याने किंवा खडूने पॅनेलचा पूर्ण आकाराचा नकाशा काढावा आणि त्यावर जाळी बांधावी.

उभे गज चार असतात: दोन्ही कडांच्या पट्ट्यांत एकेक आणि मधल्या दोन सांध्यांत एकेक. प्रत्येकाची लांबी ३०२० मिमी कापावी. खाली तो काँक्रीटच्या २० मिमी आत थांबतो आणि वर ४०० मिमी बाहेर राहतो. ही ४०० मिमी म्हणजे ८ मिमी व्यासाची ५० पट, आणि वरच्या बीमच्या किंवा पट्टीच्या गजाशी जोड देण्यासाठी ती लागते. आडवे गज सात: पाच मधल्या रुंद सांध्यांत आणि दोन वर-खालच्या पट्ट्यांत. त्यांची लांबी ११५० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना २०० मिमी बाहेर. बाहेरची टोके आत्ता सरळच ठेवावीत. ती आधी वाकवली, तर ओतल्यानंतर फर्म्याची बाजू सरळ ओढून काढता येत नाही.

गज पॅनेलच्या जाडीच्या मध्याजवळ राहतो, याबद्दल काहींना शंका येते, कारण स्लॅबमध्ये गज खालच्या बाजूला घालायची सवय असते. स्लॅब एकाच दिशेने वाकतो. हे पॅनेल मात्र उचलताना एका बाजूने आणि वारा लागताना दोन्ही बाजूंनी वाकते. एकच जाळी द्यायची असेल, तर तिची जागा मध्यावरच आहे.

आता कड्या. सपाट उचलण्यासाठी चार कड्या १० मिमीच्या साध्या, गुळगुळीत, मऊ पोलादी गजाच्या कराव्यात. आडे असलेला जास्त ताकदीचा गज कडीसाठी वापरू नये; अरुंद वळणावर तो ठिसूळ होतो आणि झटका बसला की पूर्वसूचना न देता तुटतो. या कड्या मधल्या दोन उभ्या सांध्यांत, खालून पहिल्या आणि पाचव्या आडव्या सांध्याच्या छेदावर, म्हणजे दोन्ही टोकांपासून ४६० मिमीवर येतात. कडीचे पाय उभ्या गजाच्या खालून वळवून तारेने घट्ट बांधावेत आणि डोके पॅनेलच्या वर सुमारे ६० मिमी राहावे. पॅनेल दोन टोकांना धरून उचलले तर मध्यभागी जेवढा बाक पडतो, त्याच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी बाक या चार जागी धरून उचलल्यावर पडतो. तेच सिमेंट, त्याच विटा आणि तेच गज असताना केवळ कडीच्या जागेने एवढा फरक पडतो, म्हणून ही जागा अंदाजाने ठरवू नये. पॅनेल उभे झाल्यावर जागेवर बसवण्यासाठी वरच्या काठात, मधल्या दोन उभ्या गजांजवळ, आणखी दोन कड्या द्याव्यात.

*तपासणी:* बांधलेली जाळी दोघांनी दोन टोकांना धरून हलकेच झुलवावी. गाठी सरकल्या आणि चौकोन तिरपा झाला, तर तार पुन्हा पिळावी.

टप्पा ५: विटा भिजवणे आणि निथळवणे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या दोन्ही टोकांच्या असतात. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते. मसाला भुसभुशीत राहतो आणि बोटाने खरवडला तरी निघतो. दुसरीकडे, हौदातून काढून थेट लावलेल्या विटेवर पाण्याचा पापुद्रा असतो, त्यामुळे मसाला विटेच्या छिद्रांत शिरतच नाही. पहिल्या खेपेला आम्ही घाईत विटा निथळू न देता लावल्या होत्या. सात दिवसांनी एका पॅनेलवर हातोडीची हलकी थाप मारली, तर मधली एक वीट अख्खी सुटून हातात आली. तिच्या मागच्या सांध्याची भिंत काचेसारखी गुळगुळीत होती आणि विटेचा लाल कणसुद्धा तिला लागलेला नव्हता. त्या खेपेतली सगळी पॅनेले फोडावी लागली.

वीट किती तहानलेली आहे ते पाहण्याची सोपी रीत आहे. कोरड्या विटेवर पेन्सिलने २५ मिमी व्यासाचे वर्तुळ काढावे आणि त्यात पाण्याचे २० थेंब सोडावेत. दीड मिनिटाच्या आत सगळे पाणी आत गेले, तर वीट भिजवणे आवश्यक आहे. भिजवताना बुडबुडे थांबेपर्यंत विटा पाण्याखाली ठेवाव्यात, मग काढून एकमेकींत फट ठेवून उभ्या रचाव्यात. वरची चकाकी जाऊन विटेचा रंग गडद पण निस्तेज दिसू लागला आणि तळहात टेकवल्यावर हात गार लागला, पण ओला झाला नाही, की वीट लावण्यायोग्य झाली. यासाठी लागणारा वेळ हवेवर अवलंबून असतो, म्हणून घड्याळावर विसंबू नये.

टप्पा ६: विटा मांडणे आणि बारीक सांधे भरणे

फर्म्यात मधल्या सांध्यांच्या जागी ४० मिमी आणि कडांना ५० मिमी रुंदीच्या रंधलेल्या, तेलाचा हात फिरवलेल्या लाकडी पट्ट्या उभ्या-आडव्या ठेवाव्यात. त्यांच्यामुळे १९० × ३९० मिमीची १८ घरे तयार होतात. प्रत्येक घरात चार विटांचा एक गठ्ठा बसतो. वीट ठेवताना तिच्या एका तोंडावरची खोलगट खाच वर किंवा खाली येता कामा नये. ती शेजारच्या विटेच्या बाजूला वळवावी, म्हणजे खाचेत मसाला भरून तिची खुंटीसारखी पकड तयार होते.

१० मिमीचा सांधा ९० मिमी खोल असतो; विटा आधी मांडून वरून मसाला सोडला, तर तो अर्ध्यावरच अडकतो आणि खाली पोकळी राहते, जी पॅनेल उलटल्याशिवाय दिसत नाही. म्हणून प्रत्येक विटेच्या बाजूला करणीने १२ ते १५ मिमी मसाला चोपडावा, मग ती आधीच्या विटेवर दाबून घराच्या मापात आणावी आणि मसाला वर उचंबळून येतो का ते पाहावे. मसाला एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा असावा. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. आखडलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे हा या कामातला सर्रास दिसणारा अपराध आहे.

सर्व घरे भरल्यावर मसाला ओढून येईपर्यंत थांबावे. बोटाचा ठसा उमटतो, पण बोटाला मसाला चिकटत नाही, अशी वेळ आली की लाकडी पट्ट्या सरळ वर उचलून काढाव्यात. पट्टी डावी-उजवी हलवून सैल करू नये, कारण त्या हालचालीने कडेची वीट सुटते. रुंद सांध्यांत पडलेला मसाला आणि वाळू खरवडून काढावी, नाहीतर गजाखालचे काँक्रीट तळापर्यंत पोहोचत नाही.

टप्पा ७: जाळी बसवणे

रुंद सांध्यांच्या तळाशी ४० मिमी उंचीचे, ३० मिमीपेक्षा रुंद नसलेले सिमेंटचे कव्हर ब्लॉक (गज तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवावेत, एका उभ्या गजाखाली निदान तीन. ते आधी ओतून, पाण्यात मुरवून तयार ठेवलेले असावेत. विटेचा किंवा लाकडाचा तुकडा कव्हर ब्लॉक म्हणून चालत नाही, कारण तो बाहेरची ओल सरळ गजापर्यंत नेतो. मग जाळी चौघांनी उचलून वरून खाली, खाचांमध्ये उतरवावी. गज प्रत्येक सांध्याच्या मधोमध आला, तर ८ मिमीच्या गजाच्या दोन्ही बाजूंना १६ मिमी जागा राहते. कुठेही गज विटेला टेकलेला दिसला, तर तो तिथल्या तिथे सरळ करावा. खाचांची वरची फट चिंध्यांनी घट्ट बंद करावी, म्हणजे सिमेंटचे पाणी गळणार नाही.

*सावधान:* जाळी ओट्यावरच टाकून, काँक्रीट ओतताना आकड्याने वर ओढण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. ओढलेला गज परत खाली बसतो. असे पॅनेल फोडून पाहिले, तर गज एका टोकाला मध्यावर आणि दुसऱ्या टोकाला कागदाला लागलेला सापडतो.

टप्पा ८: काँक्रीट ओतणे

काँक्रीट आकारमानाने एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असे घ्यावे. खडी १० मिमीच्या आतली असावी. गज आणि विटेच्या मधल्या १६ मिमी जागेतून २० मिमीची खडी जाणार नाही, ती वरच अडकेल आणि खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे राहतील. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यातून साधारण १२५ लिटर काँक्रीट मिळते, म्हणजे या मापाची दोन पॅनेले निघतात. त्यामुळे एका वेळी दोन फर्मे तयार ठेवावेत. पोते फोडून अर्धे उरवू नये.

पाणी एका पोत्याला २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नये, आणि वाळूतले पाणी त्यातच धरावे. पोत्यामागे सुमारे ८० किलो वाळू लागते. ती नुसती दमट असली, तरी तिच्यात ३ लिटर पाणी सहज असते. दमट वाळू फुगलेलीही असते, त्यामुळे घमेल्याने मोजताना ती प्रत्यक्षात कमी पडते. यावर उपाय म्हणजे रोज सकाळी एका भांड्यात ती वाळू मापाने भरावी, मग पाण्याने पूर्ण बुडवून ढवळावी आणि किती खाली बसते ते पाहून त्या प्रमाणात माप वाढवावे.

ओतण्याआधी सांध्यांतल्या विटांच्या उघड्या बाजूंवर पाण्याचा हलका शिडकावा करावा, पण तळाशी पाणी साचू देऊ नये. काँक्रीट आधी मधल्या सांध्यांत आणि शेवटी कडांच्या पट्ट्यांत घालावे. उलट केले, तर कडेचे काँक्रीट विटांना आत ढकलते. अर्धी खोली भरल्यावर १२ मिमीच्या गजाने ठोसत जावे, मग उरलेली भरून पुन्हा ठोसावे आणि फर्म्याच्या बाजूंवर लाकडी हातोडीने थापट्या माराव्यात. जाड सुईचा व्हायब्रेटर ४० मिमीच्या सांध्यात घालू नये. तो गजाला लागला की सगळी जाळी थरथरते आणि नुकत्याच लावलेल्या विटा सुटतात. या कामात हाताने ठोसणेच अधिक भरवशाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी पट्टा फर्म्याच्या कडांवर टेकवून करवतीसारखा पुढे-मागे करत ओढावा. कड्यांमुळे तो सलग जात नाही. कड्यांच्या दोन ओळींमधला भाग वेगळा आणि टोकांचे भाग वेगळे असे तुकड्यांनी घ्यावे. प्लास्टर करायचे असेल, तर वरचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत न करता झाडूने खरखरीत ठेवावा. पॅनेलवर ओतल्याची तारीख, अनुक्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण त्याच दिवशी खिळ्याने कोरावा.

टप्पा ९: क्युरिंग आणि फर्मा सोडवणे

पृष्ठभाग आखडताच ओले गोणपाट घालून वर प्लास्टिक झाकावे. बाजू २४ तासांनी, थंड हवेत त्याहून उशिरा, सरळ बाहेर ओढून काढाव्यात. पहारीने उचकटल्यास कडेची ५० मिमीची पट्टी तुटते. पॅनेल ओट्यावर निदान ७ दिवस सतत ओले राहावे आणि एकूण १४ दिवस क्युरिंग व्हावे. दिवसातून दोनदा पाणी मारून मध्ये वाळू देणे म्हणजे क्युरिंग नव्हे. उन्हात विटा काँक्रीटच्या आधी सुकतात आणि सांध्यातले पाणी ओढून घेतात.

आडव्या गजांची बाहेरची टोके ७ दिवसांनंतर वाकवावीत. पॅनेलच्या कडेपासून १०० मिमी अंतरावर पाइपचा तुकडा घालून एकदाच काटकोनात वळवावे. वळवून सरळ केलेला आणि पुन्हा वळवलेला गज टाकाऊ समजावा.

टप्पा १०: पहिले पॅनेल मोडण्यासाठीच करावे

पूर्ण खेपेच्या आधी एक पॅनेल करून, सात दिवसांनी दोन टोकांना लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे आणि मध्यावर एकेक वीट रचत जावे. किती विटांवर पहिली केसासारखी चीर दिसते ते लिहून ठेवावे. मग ते उलटे करून घणाने सांध्यांवर फोडावे आणि चार गोष्टी पाहाव्यात: गज कोणत्या उंचीवर होता, त्याच्याखाली काँक्रीट गच्च होते का, बारीक सांधे तळापर्यंत भरले होते का आणि फुटताना वीट फुटली की सांधा सुटला. वीट फुटली तर पकड चांगली आहे. सांधा स्वच्छ सुटला, तर पाचव्या टप्प्यावर परत जावे. एक पॅनेल वाया गेल्याचे दुःख करू नये.

टप्पा ११: उचलणे, साठवणे आणि उभे करणे

सामान्य पोर्टलँड सिमेंट आणि उबदार हवा असेल, तर सात दिवसांनी पॅनेल ओट्यावरून उचलता येते. आधी एका लांब कडेखाली लाकडी पाचरी हलकेच ठोकून पॅनेल ओट्यापासून सोडवावे. कागदाखाली हवा शिरली की चिकटलेपणा जातो. ही पायरी वगळून थेट साखळी ओढली, तर पहिल्या क्षणी वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ बसते. मग चारही कड्यांना सारख्या लांबीच्या साखळ्या लावून, वर आडवा दांडा ठेवून सरळ उचलावे. चार कड्यांवर भार कधीच सारखा वाटला जात नाही, म्हणून कोणत्याही दोन कड्या पूर्ण वजन पेलतील असे धरूनच साखळी निवडावी.

*सावधान:* वर आलेल्या ४०० मिमीच्या गजांना दोरी बांधून पॅनेल कधीही उचलू नये. ते गज जोडासाठी आहेत. पॅनेल टांगलेले असताना त्याच्याखाली किंवा पडण्याच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

आडव्याचे उभे करताना खालचा काठ वाळूच्या पोत्यांवर टेकवावा आणि वरच्या बाजूच्या दोन कड्यांना साखळी लावावी. पॅनेलच्या लांबीइतके दोन जाड वासे पाठीशी दोरखंडाने आवळून बांधले, तर बाक बराचसा ते घेतात. ते बांधायला दहा मिनिटे लागतात. इतक्या मेहनतीने केलेले पॅनेल त्या दहा मिनिटांसाठी पणाला लावू नये. पॅनेल तिरक्या घोडीवर टेकवून साठवावे, खाली दोन लाकडी ओंडके आणि दोन पॅनेलांमध्ये ठोकळे ठेवावेत. भिंतीत बसवणे २८ दिवसांनंतर करावे.

बसवताना जोत्यावर १:३ मसाल्याचा २० मिमी थर पसरून, काठातल्या कड्यांना टांगलेले पॅनेल त्यावर उतरवावे, दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत आणि ओळंबा दर्शनी बाजूला व कडेला असा दोन्हीकडे लावावा. शेजारच्या दोन पॅनेलांमध्ये १५० मिमीची जागा सोडावी. दोन्हींकडून आलेली वाकवलेली टोके तिथे एकमेकांवर येतात. त्यांच्या मधून जोत्यातून वर आलेला १० मिमीचा उभा गज घ्यावा, तारेने बांधावा आणि दोन्ही बाजूंना फळ्या लावून तेच १० मिमी खडीचे काँक्रीट ६०० मिमीच्या टप्प्यांनी ठोसत भरावे. हा सांधा भरण्याआधी पॅनेलांच्या कडा ओल्या करणे राहून जाते, आणि पहिल्या पावसात नेमक्या तिथेच उभी चीर दिसते. टेकू सांध्याच्या काँक्रीटला सात दिवस होईपर्यंत आणि वरचे गज बीममध्ये ओतले जाईपर्यंत काढू नयेत. दर्शनी कड्या त्यानंतरच पृष्ठभागाच्या १० मिमी आत कापून खड्डा मसाल्याने बुजवावा.